ऑपरेशनच्या आधी गोळ्यांचं काय काय बघून ठेवायचं

तारीख मिळाली की आधी घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरा आणि भूलवाल्या डॉक्टरांकडे ती पिशवीच न्या, कारण "ती छोटी गुलाबी बीपीची" यावरून कोणालाच काही कळत नाही, आणि कापून कापून स्ट्रिपवरचं नाव गेलं असेल तर जुनं प्रिस्क्रिप्शनही टाका सोबत. इनहेलर, आयुर्वेदिक चूर्णं, लसणाच्या कॅप्सूलसुद्धा, लसूण किंवा जिन्को (एक वनस्पतीची गोळी) याने रक्तस्राव वाढू शकतो पण ते "औषध" म्हणून कोणी सांगतच नाही.

रक्त पातळ करायच्या गोळ्यांचं मात्र नीट बसून विचारा. वॉरफरिन साधारण 5 दिवस आधी थांबवून आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी) बघतात, क्लोपिडोग्रेल 5 ते 7 दिवस, पण स्टेंट (हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेली जाळी) नवीन असेल तर ती बंद करणंच धोक्याचं, मग गरज पडली तर ऑपरेशन पुढे ढकलतात, म्हणून शेजाऱ्याने बंद केली म्हणून आपणही केली असं अजिबात नको.

शुगरवाल्यांनी तर दोनदा विचारा. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या शुगरच्या गोळ्या साधारण 3 दिवस आधी बंद करायला सांगतात, कारण उपाशी राहिल्यावर शुगर नॉर्मल दिसत असतानाच रक्तात कीटोन (चरबी जळून तयार होणारी आम्लं) धोकादायक वाढत जातात. सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन घेत असाल तर ते लपवू नका (वजनासाठी घेणारे हमखास लपवतात), त्याने पोट हळू रिकामं होतं, म्हणजे उपाशी असूनही आत अन्न असू शकतं आणि भूल चढताना ते वर येऊन फुफ्फुसात जाऊ शकतं. इन्सुलिनचा डोस किती कमी करायचा ते लिहूनच घ्या, आपल्या मनाने पूर्ण बंद नको.

बीपीमध्ये मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्या सहसा चालूच ठेवतात, टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल बऱ्याचदा आदल्या दिवसापासून थांबवतात कारण भूल दिल्यावर बीपी खूप पडू शकतं. थायरॉईडची, फिटची गोळी सहसा सकाळी घोटभर पाण्याबरोबर चालते, तरी विचारा. गेल्या काही महिन्यांत स्टेरॉइड घेतलं असेल तर तेही सांगा.

उपाशी म्हणजे जड जेवण 8 तास आधी बंद, हलकं खाणं आणि दूध 6, साधं पाणी 2 तास, आणि दुधाचा चहा दुधातच धरतात.

अॅलर्जी सांगताना नुसतं पेनिसिलिन नको, काय झालं होतं तेही सांगा, पुरळ की श्वास अडकला. नात्यात कोणाला भूल दिल्यावर अचानक खूप ताप चढून अंग ताठ झालं असेल तर हे आवर्जून, त्यावरून भुलीची औषधं बदलतात.

डिस्चार्जच्या वेळी थांबवलेली प्रत्येक गोळी कधी सुरू करायची ते तारखेसकट कागदावर लिहून घ्या.