फ्रेम इंटरपोलेशन: सफाई किती आणि विकृती किती

फ्रेम इंटरपोलेशन म्हणजे व्हिडिओच्या मूळ फ्रेमच्या (एकेका स्थिर चित्राच्या) मध्ये नव्या फ्रेम घालून हालचाल सफाईदार करणे. सेकंदाला २४ फ्रेमचा व्हिडिओ थेट ६० वर नेला, तर दर पाच फ्रेमपैकी एकच मूळ उरते आणि चार सॉफ्टवेअरने कल्पून काढलेल्या असतात. तोच ४८ वर नेला, तर निम्म्या फ्रेम अस्सल राहतात. म्हणून दुपटीपासूनच सुरुवात करावी; मात्र ६० हर्ट्झच्या (सेकंदाला ६० वेळा चित्र ताजे करणाऱ्या) पडद्यावर ४८ फ्रेम समान अंतराने बसत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

एफएफएमपेग या व्हिडिओवर प्रक्रिया करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मिंटरपोलेट (minterpolate) फिल्टरमध्ये तीन पद्धती आहेत. ‘डुप’ फ्रेम नुसती पुन्हा दाखवते, ‘ब्लेंड’ दोन फ्रेम एकमेकींत मिसळते आणि ‘एमसीआय’ हालचालीचा माग काढून मधली फ्रेम घडवते. तिसरीत गती सर्वांत सफाईदार दिसते, पण विकृतीही तिथेच ठळक होतात: फिरत्या पंख्याची पाती वितळल्यासारखी दिसतात, जाळीमागून जाणाऱ्या माणसाच्या कडा लहरतात, आणि चालणाऱ्याच्या पायामागून नव्याने उघडी पडणारी जमीन आधीच्या फ्रेममध्ये नसल्याने तिथे धूसर कड उमटते. अशा दृश्यांपुरते ‘ब्लेंड’ वापरावे किंवा मूळ गतीच ठेवावी. थोडा धक्का डोळ्यांना चालतो, विरघळलेला हात चालत नाही.

दृश्यबदल ओळखण्याची सोय कधीही बंद करू नये, अन्यथा दोन वेगळी दृश्ये एकमेकांत ओढली जातात. ॲनिमेशनमध्ये तेच चित्र अनेकदा सलग दोन-तीन फ्रेम टिकते (हाताने रेखाटलेल्यात तर सर्रास), तेव्हा पुनरावृत्त फ्रेम आधी काढाव्यात, मात्र उरलेल्या फ्रेमच्या वेळा कायम ठेवाव्यात. तपासणी चालू व्हिडिओत न करता, वेगवान हालचालीचा छोटा तुकडा फ्रेमगणिक पुढे सरकवून करावी.