लिनक्स वापरून पाहताना आणि त्यावर संकेतस्थळ चालवताना या चुका टाळा

14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा नियमित पाठिंबा संपला आणि उत्तम चालणारे, पण विंडोज 11 च्या अटींत न बसणारे असंख्य संगणक अडगळीत जाण्याच्या मार्गावर आले. अशा संगणकावर उबंटू, मिंट किंवा डेबियन यांसारखी मोफत लिनक्स प्रणाली बसवून पाहणे, आणि हात बसल्यावर तिच्यावर स्वतःचे छोटे संकेतस्थळ चालवणे, हा त्या यंत्राचा फार चांगला उपयोग आहे. मात्र या वाटेवर नवशिक्यांना येणाऱ्या बहुतेक अडचणींच्या मुळाशी एकच सवय असते : पडद्यावर आलेला संदेश न वाचता तो दिसेनासा करणारा उपाय आधी शोधायचा. लिनक्स आपले बिघाड नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, बऱ्यापैकी स्पष्ट लिहून ठेवतो. ती नोंद वाचण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घेतली, तर पुढे लिहिलेल्या चुकांपैकी निम्म्याहून अधिक घडणारच नाहीत असे माझे ठाम मत आहे.

पेन ड्राइव्ह तयार करताना

उतरवून घेतलेली आयएसओ फाइल (बसवायच्या प्रणालीची संपूर्ण प्रतिमा) पेन ड्राइव्हवर नुसती कॉपी केल्याने संगणक त्यावरून सुरू होत नाही. रुफस किंवा एचरसारख्या साधनाने ती लिहावी लागते आणि त्या वेळी पेन ड्राइव्हवरचा जुना मजकूर पुसला जातो. फाइल मूळ प्रकल्पाच्या स्थळावरूनच घ्यावी आणि तिची चेकसम, म्हणजे फाइल जशीच्या तशी आहे का हे दाखवणारी अक्षर-अंकांची खूण, ताडून पाहावी. हा काटेकोरपणा अनाठायी नाही, कारण फेब्रुवारी 2016 मध्ये लिनक्स मिंटच्या अधिकृत स्थळावरच घुसखोरी होऊन काही काळ डाउनलोडचे दुवे चोरदरवाजा असलेल्या फाइलकडे वळवले गेले होते. त्यानंतर लगेच इन्स्टॉल करण्याऐवजी ‘लाइव्ह’ सत्रात, म्हणजे पेन ड्राइव्हवरूनच चालणाऱ्या प्रणालीत, वाय-फाय, आवाज, टचपॅड आणि झोपेतून जागे होणे एवढे तपासून घ्यावे. या सत्रात साठवलेले काम संगणक बंद केल्यावर सहसा टिकत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

विंडोज ठेवून लिनक्स बसवताना

सर्वांत महाग पडणारी चूक इथे होते. अलीकडच्या अनेक लॅपटॉपवर विंडोजची डिस्क बिटलॉकर या विंडोजच्याच सोयीने कूटबद्ध (किल्लीशिवाय वाचता न येणारी) केलेली असते आणि मालकाला त्याची कल्पनाही नसते. बायॉसमधील (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्राममधील) सिक्युअर बूटची, म्हणजे केवळ खातरजमा झालेल्या प्रणालीच सुरू होऊ देणाऱ्या सोयीची, मांडणी बदलली की पुढच्या वेळी विंडोज 48 अंकी रिकव्हरी की मागते, आणि ती हाताशी नसेल तर डिस्कवरील मजकूर गेल्यात जमा असतो. म्हणून की आधी मिळवून कागदावर उतरवावी आणि महत्त्वाच्या फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी. शिवाय उबंटू, फेडोरा आणि डेबियन सिक्युअर बूट चालू असतानाही सुरू होतात, त्यामुळे ते सरसकट बंद करण्याची गरज पडत नाही.

विंडोजचे ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल, तर शट डाउन केल्यावरही ती प्रणाली पूर्ण बंद झालेली नसते आणि लिनक्समधून तिचे पार्टिशन (डिस्कवरील तिचा भाग) केवळ वाचता येते, त्यावर लिहिता येत नाही. बळजबरीने लिहिण्याचे मार्ग सापडतात, पण तसे करू नये. विंडोजमध्ये जाऊन ती सोय बंद करावी. लिनक्समधून परतल्यावर विंडोजचे घड्याळ साडेपाच तास मागे दिसणे हा मात्र बिघाड नव्हे. लिनक्स यंत्राच्या घड्याळात जागतिक प्रमाणवेळ ठेवतो, विंडोज तीच वेळ स्थानिक समजते, आणि भारतीय वेळेचा फरक नेमका तेवढाच आहे.

आवृत्ती निवडताना

सर्व्हरसाठी, म्हणजे संकेतस्थळ चालवणाऱ्या संगणकासाठी, दीर्घ पाठिंब्याचीच आवृत्ती घ्यावी. उबंटू 24.04 ला पाच वर्षे सुरक्षा अद्यतने मिळतात, तर मधल्या आवृत्त्यांना केवळ नऊ महिने.

परवानग्या आणि 777

आता या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग. संकेतस्थळ मांडल्यावर ब्राउझरमध्ये 403 क्रमांकाची, म्हणजे प्रवेश नाकारल्याची, चूक दिसते, कोणीतरी सांगते की फोल्डरला 777 परवानगी द्या, ती दिली की पान उघडते आणि प्रश्न सुटल्याचा समज होतो. या तीन अंकांपैकी पहिला मालकाचा, दुसरा गटाचा आणि तिसरा इतर सर्वांचा असतो. वाचण्याचे 4, लिहिण्याचे 2 आणि चालवण्याचे 1 मिळून 7 होतात. म्हणजेच 777 दिल्याने त्या सर्व्हरवरील कोणत्याही खात्यात चालणाऱ्या प्रोग्रामला तुमच्या फोल्डरमध्ये घातक पीएचपी फाइल (सर्व्हरवर चालणारा प्रोग्राम) टाकण्याची मोकळीक मिळते. फोल्डरांना 755 आणि फाइलींना 644 एवढे सहसा पुरते.

मूळ कारण बहुधा वेगळेच असते. अपाची किंवा एन्जिनएक्स हा पाने पुरवणारा प्रोग्राम ज्या खात्याने चालतो, त्याला फाइलपर्यंतच्या वाटेवरील प्रत्येक फोल्डरमधून पुढे जाता आले पाहिजे. उबंटूने 21.04 पासून नव्या वापरकर्त्यांचे होम फोल्डर इतरांसाठी बंद केले आहे. त्यामुळे संकेतस्थळ होममध्ये ठेवले की आतल्या फाइलींना कितीही परवानग्या दिल्या तरी 403 कायम राहते. अशा वेळी संकेतस्थळ सर्व्हरच्या ठरलेल्या जागी हलवणे हा सरळ उपाय आहे. फेडोरा आणि रॉकी लिनक्सवर आणखी एक पदर असतो : होममधून फाइल कॉपी न करता ‘मूव्ह’ केली, तर एसई-लिनक्स या जादा सुरक्षा-व्यवस्थेचे जुने लेबल तिच्यासोबत येते आणि परवानग्या अचूक असूनही सर्व्हर ती वाचू शकत नाही. ‘रिस्टोअरकॉन’ या कमांडने लेबल सुधारते, आणि तरीही अनेक जण संपूर्ण एसई-लिनक्सच बंद करून टाकतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

विंडोजवर तयार केलेले संकेतस्थळ लिनक्सवर आणल्यावर काही चित्रे गायब होत असतील, तर नावांतील रोमन अक्षरे लहान-मोठी आहेत का ते पाहावे. लिनक्सला ती दोन वेगळी नावे वाटतात.

मराठी मजकुराची प्रश्नचिन्हे

जुने वर्डप्रेस संकेतस्थळ नव्या सर्व्हरवर नेल्यावर देवनागरी मजकूर बिघडतो, तेव्हा आधी बिघाडाचा प्रकार ओळखावा. अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे डेटाबेसमध्येच साठली असतील, तर मूळ अक्षरे पुसली गेली आहेत आणि जुन्या बॅकअपशिवाय ती परत मिळत नाहीत. याउलट मात्रा-चिन्हे लावलेल्या युरोपीय अक्षरांच्या लांबलचक रांगा दिसत असतील, तर मजकूर बहुधा शाबूत आहे, केवळ चुकीच्या संकेतनाने (अक्षरे आकड्यांत मांडण्याच्या पद्धतीने) वाचला जात आहे. घाईने डेटाबेसमधील तक्त्याचे संकेतन बदलण्याची कमांड दिली, तर हाच शाबूत मजकूर दुहेरी बिघडतो. म्हणून प्रयोग नेहमी प्रतीवर करावेत. तक्ता आणि जोडणी या दोन्ही ठिकाणी ‘यूटीएफ-8 एमबी-4’ असावे. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये नुसते ‘यूटीएफ-8’ लिहिल्यास आजवर तीन बाइटांपर्यंतचीच अक्षरे सामावली गेली आहेत. देवनागरी त्यात बसते, पण इमोजीला चार बाइट लागतात आणि एखादी प्रतिक्रिया तिथेच अडते किंवा तुटते.

फायरवॉल, पत्ता आणि प्रमाणपत्र

भाड्याच्या सर्व्हरवर एसएसएचने, म्हणजे दुरून लॉग-इन करण्याच्या सोयीने, काम करत असताना, एसएसएचला परवानगी देण्याआधीच फायरवॉल (नेटवर्कवरून येणाऱ्या जोडण्या अडवणारी सोय) सुरू केली, तर पुढच्या खेपेस आपणच बाहेर राहतो. परवानगी आधी द्यावी आणि चालू सत्र बंद करण्यापूर्वी दुसऱ्या खिडकीतून नव्याने लॉग-इन करून पाहावे.

घरच्या संगणकावरून संकेतस्थळ चालवायचे असेल, तर राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता पाहावा. तो 100.64 ते 100.127 या टप्प्यातला असेल, तर तुमची सेवा कंपनी एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटते आहे, आणि राउटरमध्ये पोर्ट (जोडणीची दारे) कितीही उघडले तरी आयपीव्ही-4 वरून, म्हणजे अशा जुन्या पद्धतीच्या पत्त्यावरून, बाहेरचा कोणी आत पोहोचणार नाही.

संकेतस्थळ सुरक्षित ‘एचटीटीपीएस’वर चालवण्यासाठी लागणारे लेट्स एन्क्रिप्टचे मोफत प्रमाणपत्र मिळत नसेल, तर तीच कमांड पुन्हा पुन्हा चालवू नये, कारण ठरावीक अपयशी प्रयत्नांनंतर काही काळ नकारच मिळतो. चाचणीसाठी त्यांचा वेगळा ‘स्टेजिंग’ सर्व्हर आहे. पोर्ट 80 उघडे आहे का, आणि डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यादीत) जुन्या सर्व्हरचा आयपीव्ही-6 पत्ता राहून गेला आहे का, या दोन गोष्टी आधी तपासाव्यात. प्रमाणपत्राची मुदत साधारण 90 दिवसांची असल्याने स्वयंचलित नूतनीकरणाची ‘ड्राय रन’ (लुटुपुटूची) चाचणीही त्याच दिवशी उरकावी.

डेटाबेस अचानक बंद पडतो तेव्हा

एक जीबी मेमरीच्या सर्व्हरवर वर्डप्रेस आणि मारियाडीबी हा डेटाबेस एकत्र चालवल्यास गर्दीच्या वेळी कर्नल (लिनक्सचा गाभा) मेमरी मोकळी करण्यासाठी डेटाबेसच बंद करू शकतो, आणि वाचकाला डेटाबेसशी जोडणी न झाल्याचा संदेश दिसतो. डेटाबेस पुन्हा सुरू करून भागत नाही. कर्नलच्या लॉगमध्ये मेमरी संपल्याची नोंद शोधावी, स्वॅप फाइल (मेमरीला पूरक अशी डिस्कवरील जागा) जोडावी आणि पीएचपीच्या एकाच वेळी चालणाऱ्या प्रक्रियांवर मर्यादा घालावी. तशी नोंद सापडली नाही, तर डिस्क भरली आहे का ते पाहावे. यांपैकी काहीही बदलण्याआधी डेटाबेसचा बॅकअप दुसऱ्या यंत्रावर उतरवून, तो तिथे खरोखर उघडतो याची खात्री करून घ्यावी.