छेद वेगळे असताना अपूर्णांकांची वजाबाकी कशी करावी

अर्ध्यातून पाव काढला तर पाव उरतो, हे कोणीही तोंडी सांगतं. तेच १/२ − १/४ असं कागदावर आलं की हात अडखळतो. खरं तर तोंडी उत्तर देताना आपण मनातल्या मनात अर्ध्याचे दोन पाव करून घेतलेले असतात. कागदावरही तेच करायचं: आधी तुकडे एका मापाचे, मग वजाबाकी.

छेद सांगतो तुकडा केवढा, अंश सांगतो तसे तुकडे किती. म्हणून ५/६ − ३/८ मध्ये अंशातून अंश आणि छेदातून छेद वजा करू नका. करून बघा, वर २ येतात, खाली −२, म्हणजे उत्तर −१! मोठ्यातून लहान वजा केलं तर उत्तर ऋण येईलच कसं?

आता नीट करू. आधी ६ आणि ८ चा लसावि (लघुतम सामाईक विभाज्य, म्हणजे दोघांनीही भाग जाणारी सगळ्यात लहान संख्या) काढा. आठचा पाढा म्हणत जा आणि ६ ने भाग जाणारी पहिली संख्या आली की थांबा. ८ ला जात नाही, १६ ला नाही, २४ ला जातो. हा झाला समान छेद. ६ चे २४ करायला ४ ने गुणावं लागतं, म्हणून ५ लाही ४ ने गुणा: २०/२४. तसंच ३/८ ला वर-खाली ३ ने गुणून ९/२४. घाईत छेद बदलतो आणि अंश तसाच राहून जातो. मला सगळ्यात जास्त चुका इथेच दिसतात. आता २० − ९ = ११, छेद तोच. उत्तर ११/२४.

लसावि पटकन सुचला नाही तर छेदांचा गुणाकार घ्या. ४०/४८ − १८/४८ = २२/४८, आणि २ ने भागलं की पुन्हा ११/२४. आकडे मोठे होतात, इतकंच. लसावि घेतला तरी शेवटी संक्षिप्त रूप होतं का, ते बघाच.

खरी कसोटी पूर्णांकयुक्त अपूर्णांकांची. ४ पूर्णांक १/३ मधून १ पूर्णांक ३/४ वजा करायचे आहेत. समच्छेद केल्यावर ४ पूर्णांक ४/१२ आणि १ पूर्णांक ९/१२. चारातून नऊ जात नाहीत, म्हणून शेजारच्या ४ मधून एक उसना घ्यायचा. हा एक म्हणजे १२/१२. सवयीने इथे दहा मिळवले जातात, पण दहा फक्त दशक सुटा करताना. इथे तुकडे बाराचे आहेत, म्हणून ४ + १२ = १६. आता ३ पूर्णांक १६/१२ − १ पूर्णांक ९/१२ = २ पूर्णांक ७/१२.

पडताळ्यासाठी उत्तरात वजा केलेली संख्या मिळवा. २ पूर्णांक ७/१२ अधिक १ पूर्णांक ९/१२ म्हणजे ३ पूर्णांक १६/१२, अर्थात ४ पूर्णांक ४/१२. जुळलं. चुकून दहा मिळवले असते तर उत्तर २ पूर्णांक ५/१२ आलं असतं आणि पडताळ्यात ४ पूर्णांक २/१२. तसं झालं तर सगळं खोडू नका, उसना घेतलेल्या ओळीवर परत या.