सेन्सरमधला फिफो लिनक्स ड्रायव्हरमध्ये कसा हाताळावा

प्रवेगमापकाची चिप सेकंदाला ४०० नमुने देत असेल आणि ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारा लिनक्सच्या गाभ्यातला (कर्नलमधला) कोड, प्रत्येक नमुन्यासाठी इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरचे लक्ष वेधणारा संकेत, घेत असेल, तर प्रोसेसरला सेकंदात ४०० वेळा उठावे लागते. बॅटरीवर चालणाऱ्या उपकरणात हा खर्च सोसण्यासारखा नसतो. म्हणूनच बहुतेक आधुनिक सेन्सरांत फिफो, म्हणजे आधी आलेला नमुना आधी बाहेर देणारा छोटा साठा, दिलेला असतो. ठरावीक पातळीपर्यंत, म्हणजे वॉटरमार्कपर्यंत, नमुने साठले की चिप एकदाच इंटरप्ट देते. वॉटरमार्क २० ठेवला तर वरच्या उदाहरणात ४०० ऐवजी २० इंटरप्ट पुरतात. लिनक्सच्या आयआयओ उपप्रणालीत, म्हणजे सेन्सर हाताळणाऱ्या भागात, यासाठीची सोय २०१५ साली आली. मात्र इंटरप्टची बचत हा या कामातला सोपा भाग आहे. नमुना साठ्यात पडून राहिला की तो नेमका केव्हा घेतला गेला हे कोणीही लिहून ठेवत नाही, आणि ती वेळ पुन्हा उभी करणे ही ड्रायव्हर लिहिणाऱ्याची खरी जबाबदारी ठरते.

कोड लिहिण्यापूर्वी डेटाशीटमधून, म्हणजे चिपच्या तांत्रिक माहितीपत्रकातून, काही गोष्टी निश्चित कराव्यात. साठा नमुन्यांत मोजला जातो की बाइटांत, तो भरल्यावर जुने नमुने पुसले जातात की नवे नाकारले जातात, आणि एक नमुना वाचल्यावर पुढचा आपोआप पुढे सरकतो का, या प्रश्नांची उत्तरे चिपगणिक वेगळी असतात. अॅनालॉग डिव्हायसेसच्या एडीएक्सएल३४५ या प्रवेगमापकामध्ये ३२ पातळ्यांचा फिफो आहे आणि प्रत्येक पातळीत तिन्ही अक्षांचा एक पूर्ण नमुना मावतो. शिवाय फिल्टरच्या तोंडाशी आणखी एक नमुना थांबलेला असतो, त्यामुळे एका वेळी ३३ नमुने हाती येऊ शकतात. तेवढी जागा धरून वाचन-बफर घोषित केला नाही, तर चूक चाचणीत सहसा दिसत नाही आणि पुढे कधीतरी स्मृती बिघडवते. याउलट एमपीयू-६०५० या सेन्सरचा फिफो १०२४ बाइटांचा आहे आणि त्यात नमुन्यांच्या सीमांची कोणतीही खूण नसते. तीन अक्षांचे ६ बाइट धरले तर १०२४ ला ६ ने नि:शेष भाग जात नाही, म्हणून साठा ओसंडला की वाचन नमुन्याच्या मध्येच सुरू होते आणि एका अक्षाची किंमत दुसऱ्याच्या नावावर जमा होऊ लागते. अशा चिपमध्ये ओसंडल्यावर फिफो पूर्ण रिकामा करून नव्याने सुरू करणे एवढाच सुरक्षित मार्ग उरतो.

यापुढे एडीएक्सएल३४५ हेच उदाहरण धरू. तिच्या फिफो नियंत्रणाचे रजिस्टर, म्हणजे सेटिंग लिहिण्याची चिपमधली जागा, हेक्स ३८ (षोडशमान पद्धतीतला पत्ता) वर आहे: वरचे दोन बिट पद्धत ठरवतात, खालचे पाच बिट वॉटरमार्क. सलग मोजणीसाठी स्ट्रीम पद्धत निवडावी, कारण तीत साठा भरल्यावर सर्वांत जुना नमुना जातो आणि ताजे नमुने टिकतात. फिफो पद्धतीत भरल्यावर नवी नोंद थांबते, आणि ती सुरुवातीचे नमुने जपायचे असतील तरच उपयोगी आहे. बायपास पद्धतीत गेल्यावर साठा रिकामा होतो. ही सोय पुढे वारंवार लागेल.

बफर सुरू करण्याचा क्रम असा ठेवावा. चिप प्रथम मोजणीतून बाहेर काढावी, बायपासमध्ये नेऊन जुने नमुने टाकून द्यावेत, मग वॉटरमार्क आणि स्ट्रीम पद्धत लिहावी, त्यानंतर वॉटरमार्कचा इंटरप्ट चालू करावा आणि सर्वांत शेवटी मोजणी सुरू करावी. बंद करताना हाच क्रम उलटा करावा. आयआयओमध्ये ही कामे बफरच्या पोस्टएनेबल आणि प्रीडिसेबल या कॉलबॅकमध्ये, म्हणजे कर्नल ठरावीक वेळी बोलावतो त्या ड्रायव्हरच्या फंक्शनांमध्ये, येतात. सॉफ्टवेअरच्या बाजूचा साठा केफिफो, म्हणजे कर्नलमधली तयार रांग, सांभाळतो. ड्रायव्हरने फिफोची डेटा रजिस्टरे रेगमॅपमध्ये (रजिस्टरे वाचण्या-लिहिण्याची कर्नलमधली सोय) अस्थिर, म्हणजे दरवेळी चिपमधूनच वाचायची, म्हणून घोषित करावीत आणि वाचल्याने किंमत बदलणारी म्हणूनही नोंदवावीत. नाहीतर डीबगसाठी कोणी रजिस्टरांची यादी छापली की साठ्यातला एक नमुना कोणाच्या नकळत निघून जातो.

वॉटरमार्क वापरकर्ता ठरवतो, ड्रायव्हर नाही. वापरकर्त्याने सिसएफएसमधील (कर्नलच्या सेटिंग फाइलरूपात दाखवणारी जागा) बफरच्या वॉटरमार्क फाइलमध्ये संख्या लिहिली की कर्नल ड्रायव्हरच्या सेट-वॉटरमार्क कॉलबॅकला ती देतो. ती चिपच्या मर्यादेत बसत नसेल तर मर्यादेइतकी करावी, चूक म्हणून परत पाठवू नये. प्रत्यक्षात कोणती पातळी लागू झाली हे हार्डवेअर-वॉटरमार्कच्या वाचनीय फाइलमधून कळवावे. कमाल मर्यादा ३२ दाखवण्याचा मोह टाळावा, असे माझे मत आहे. ४०० हर्ट्‌झला दोन नमुन्यांत २.५ मिलिसेकंदांचे अंतर असते. वॉटरमार्क ३१ ठेवला तर इंटरप्ट लागल्यापासून वाचन सुरू होईपर्यंत दोन-तीन नमुन्यांइतकीच उसंत मिळते; २४ ठेवला तर ती सुमारे २० मिलिसेकंद होते. त्यात बसचा, म्हणजे चिप आणि प्रोसेसर यांना जोडणाऱ्या तारांवरच्या वाचनाचा, वेळही मिळवावा. आयटूसी या बसवर ४०० किलोहर्ट्‌झला एक नमुना वाचायला पत्त्यांसह साधारण ०.२ मिलिसेकंद लागतात, म्हणजे २४ नमुन्यांना जवळपास ५ मिलिसेकंद, आणि तेवढ्यात चिपने आणखी दोन नमुने भरलेले असतात.

इंटरप्टचे काम दोन भागांत करावे. वरच्या भागात फक्त वेळ टिपावी. बसवरचे वाचन थ्रेडमध्ये, म्हणजे कर्नल नंतर स्वतंत्रपणे चालवतो त्या भागात, व्हावे, कारण आयटूसी किंवा एसपीआय बसवरच्या व्यवहाराला झोपावे, म्हणजे थांबून वाट पाहावी, लागू शकते. थ्रेडमध्ये हेक्स ३९ वरील स्थिती-रजिस्टरमधून साठ्यातील संख्या घ्यावी आणि तितके नमुने एकेक करून हेक्स ३२ ते ३७ मधून सलग ६ बाइटांनी वाचावेत. अक्ष सुटे सुटे वाचू नयेत, नाहीतर एका नमुन्याचा एक्स आणि दुसऱ्याचा वाय एकत्र येतो. दोन वाचनांमध्ये किमान ५ मायक्रोसेकंदांचे अंतर चिपला लागते. आयटूसीवर ते आपोआप मिळते. एसपीआयचा वेग १.६ मेगाहर्ट्‌झच्या वर असेल तर मात्र ते मुद्दाम द्यावे लागते. ही अट डेटाशीटच्या मजकुरात दडलेली आहे आणि ती मोडली तरी कोठेही त्रुटी दिसत नाही, फक्त नमुने चुकीचे येतात.

इथे एक अनुभव सांगणे आवश्यक वाटते. एका पंपाचे कंपन मोजणाऱ्या बोर्डावर आमचा प्रवाह काही तासांनी थांबायचा आणि पुन्हा सुरू केला की नीट चालायचा. थांबलेल्या अवस्थेत पाहिले तेव्हा फिफोची संख्या ३२ होती आणि इंटरप्टची पिन वरच राहिलेली होती. बोर्डाबरोबर आलेल्या डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे हार्डवेअरच्या वर्णनाच्या फाइलमध्ये, इंटरप्ट चढत्या कडेचा, म्हणजे पिन खालून वर जाते त्या क्षणीच लागणारा, लिहिलेला होता. ही चिप वॉटरमार्कची पिन साठा त्या पातळीखाली उतरेपर्यंत वर ठेवते. एखाद्या वेळी थ्रेड उशिरा धावला, वाचता वाचता नवे नमुने आले आणि साठा वॉटरमार्कखाली उतरलाच नाही, तर नवी कड येत नाही आणि ड्रायव्हर कायमचा वाट पाहत बसतो. पिनच्या पातळीवर आधारित, म्हणजे पिन वर असेपर्यंत लागू राहणारा, इंटरप्ट घोषित केल्यावर हा दोष गेला. इंटरप्ट-कंट्रोलरला पिनची पातळी समजत नसेल, तर वाचून झाल्यावर स्थिती पुन्हा तपासावी आणि साठा वॉटरमार्कच्या खाली जाईपर्यंत वाचत राहावे.

आता वेळेकडे येऊ. इंटरप्टच्या वेळी टिपलेली वेळ ही वॉटरमार्काच्या क्रमांकाच्या नमुन्याची असते, शेवटच्या नमुन्याची नव्हे. वॉटरमार्क २० असताना थ्रेडला २२ नमुने मिळाले, तर टिपलेली वेळ विसाव्याला द्यावी, आधीच्या एकोणिसांना एकेका कालावधीने मागे आणि शेवटच्या दोघांना पुढे न्यावे. कालावधी मात्र नाममात्र वारंवारतेवरून काढू नये. बॉशच्या बीएमसी१५० च्या ड्रायव्हरमधील टिपणानुसार एकाच सेटिंगला चिपगणिक कालावधी ३१.७० ते ३२.२० मिलिसेकंदांपर्यंत बदलतो. ३२ नमुन्यांत हा फरक १६ मिलिसेकंदांवर जातो. घड्याळ एक टक्का पुढे असेल, तर नाममात्र कालावधी जोडत गेल्यास तासाभरात ३६ सेकंदांची चूक साचते. म्हणून कालावधी मोजून काढावा. मागच्या इंटरप्टनंतर जितके नमुने वाचले त्या संख्येने दोन इंटरप्टमधील वेळेला भागावे. वरच्या उदाहरणात मागच्या इंटरप्टला विसावा नमुना आला होता, बावीस वाचले गेले, म्हणजे पुढचा इंटरप्ट बेचाळिसाव्याला येतो आणि अंतर बरोबर बावीस नमुन्यांचे भरते. इंटरप्टच्या विलंबामुळे हा आकडा थोडा थरथरतो, तेव्हा तो सावकाश सरासरीतून न्यावा. इन्व्हेनसेन्सच्या चिपांसाठी कर्नलमध्ये याच हिशेबाचे स्वतंत्र मॉड्यूल आहे आणि ते वाचण्यासारखे आहे.

वापरकर्त्याला वॉटरमार्कपर्यंत थांबायचे नसेल तर कर्नल फ्लश-कॉलबॅक, म्हणजे साठलेले नमुने लगेच काढून देणारे फंक्शन, बोलावतो. यात मागितलेल्या संख्येपेक्षा जास्त नमुने देऊ नयेत आणि किती दिले ती संख्या परत करावी. काहीच नसेल तर शून्य. फ्लश आणि इंटरप्टचा थ्रेड एकाच वेळी फिफोवर येऊ शकतात, म्हणून दोन्हींना एकच म्युटेक्स, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारे कुलूप, हवा, आणि फ्लशमध्ये गेलेले नमुने कालावधीच्या वरील भागाकारात मोजायला विसरू नये. अँड्रॉइडने २०१३ साली ४.४ आवृत्तीत आणलेल्या बॅचिंगमध्येही (नमुने साठवून एकत्र देण्याच्या सोयीत) फ्लश आहे, आणि झोपलेला प्रोसेसर उठवणाऱ्या सेन्सराने साठा ओसंडण्यापूर्वीच त्याला उठवावे अशी अपेक्षा आहे.

चालू बफरमध्ये वारंवारता बदलू दिली तर साठ्यात जुन्या आणि नव्या वेगाचे नमुने मिसळतात. तेव्हा ती विनंती नाकारावी, किंवा आधी फ्लश करून, बायपासमधून जाऊन, कालावधीचा अंदाज शून्यापासून सुरू करावा. ओसंडल्याचा बिट दिसला तरी हेच करावे. गेलेल्या नमुन्यांच्या जागी काहीही भरू नये. टाइमस्टॅम्पमधील, म्हणजे नमुन्याला जोडलेल्या वेळेतील, खंड वापरकर्त्याला दिसू द्यावा. तीन अक्षांच्या ६ बाइटांनंतर टाइमस्टॅम्पला ८ बाइटांची सीमा लागते, म्हणून मध्ये २ बाइट रिकामे राहतात. ते आधी शून्य करावेत, अन्यथा कर्नलच्या स्मृतीतले तुकडे बाहेर जातात.

तपासणीसाठी बोर्ड टेबलावर आडवा ठेवून वॉटरमार्क १, २० आणि ३१ असा बदलावा. कर्नलच्या इंटरप्ट-मोजणीत ४०० हर्ट्‌झला २० च्या वॉटरमार्कवर सेकंदाला सुमारे २० ची वाढ दिसली पाहिजे, आणि लागोपाठच्या टाइमस्टॅम्पांतील अंतर तिन्ही वेळा सारखेच राहिले पाहिजे. मग थ्रेडच्या सुरुवातीला मुद्दाम १०० मिलिसेकंदांचा विलंब टाकावा, म्हणजे साठा नक्की ओसंडेल. प्रवाह त्यानंतरही चालू राहिला, खंड टाइमस्टॅम्पमध्ये स्पष्ट दिसला आणि झेड अक्षावर गुरुत्वाची किंमत जागच्या जागी राहिली, तर ड्रायव्हर पाठवण्याजोगा झाला.