बाग बंद व्हायची वेळ झाली, आणि मूल घसरगुंडी सोडत नाहीये

संध्याकाळी सातच्या सुमाराला परळच्या आमच्या बागेत एक वाक्य हमखास कानावर पडतं: "मी चालले हां, बस तू इथेच." आई गेटकडे चार पावलं टाकते, थांबते, मागे बघते. मूल ढिम्म. आई जाणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक असतं. ज्याला ठाऊक नसतं ते मात्र असं घाबरतं, की पुढे आठवडाभर स्वयंपाकघरातही आईचा ड्रेस सोडत नाही.

लेकीला बागेतून घरी आणायचं हे काम मी गेली दोन वर्षं जवळपास रोज करतेय. ती आता साडेतीन वर्षांची आहे. रडारड अजून होते, पण आठवड्यातून एखादी. ती कमी झाली ती बरीचशी आधीच्या तयारीमुळे, म्हणून सुरुवात घरापासून.

घरातून निघण्याआधी

झोप आणि भूक बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांप्रमाणे १ ते २ वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी ११ ते १४ तास आणि ३ ते ४ वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप हवी, दुपारची धरून. मुंबईत हे गणित कुठे फसतं ते सांगायला नको. बाबा लोकलने येणार साडेनवाला, मग जेवणं, मग बाबांशी खेळ, मूल आडवं होणार साडेअकराला आणि सकाळी नऊची प्लेस्कूल. त्यात दुपारची झोप हुकली, तर त्या दिवशी बाग अर्धाच तास. थकलेल्या मुलाला समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

पिशवीत पाण्याची बाटली आणि केळं किंवा राजगिऱ्याचा लाडू ठेवा.

फुगेवाला आणि म्हातारीचे केस विकणारा, दोघे नेमके गेटवरच उभे असतात. त्यांचा निकाल घरीच लावा: "आज फुगा नाही" किंवा "आज फुगा, एकच." दोन्ही चालेल. गेटवर गळा काढल्यावर 'नाही'चं 'हो' झालं, तर मूल पुढचे दहा दिवस तेच करून बघणार. आपणही बघितलं असतं.

निघायची वेळ सांगताना

"पाच मिनिटांत निघू" हे तीन वर्षांच्या मुलाला काहीच सांगत नाही. त्याला मिनिट कळत नाही, उजेड कळतो, आणि तोही फसवतो: डिसेंबरात मुंबईत सहालाच सूर्य मावळतो, जूनअखेरीला सव्वासात उलटून जातात. म्हणून मिनिटांऐवजी फेऱ्या मोजा.

बाकावरून ओरडून सांगू नका. जवळ जा, उकिडवं बसा, खांद्यावर हात ठेवा, डोळ्यांत बघा आणि म्हणा, "अजून तीन घसरगुंड्या, मग घरी. किती?" तिच्या तोंडून "तीन" आलं पाहिजे. मग मोठ्याने मोजा. तिसरी म्हणजे तिसरी. "बरं, अजून एक, शेवटची" असं आपणच म्हणतो आणि नंतर 'शेवटची' या शब्दाला काही किंमत राहिली नाही म्हणून कुरकुरतो.

तिसरी झाली की "निघायचं का?" असं विचारू नका. प्रश्न विचारला की "नाही" हे उत्तर देण्याचा हक्क आला. निघणं ठरलेलंच आहे, कसं निघायचं ते तिला ठरवू द्या: "चालत येतेस की कडेवर?" पर्याय दोनच, आणि दोन्ही तुम्हाला चालतील असे.

पुढे काहीतरी वाट बघत असलं की पाय लवकर हलतात. आमच्याकडे ते लिफ्टचं बटण आहे. चार नंबरचं. ते तिच्याआधी दुसऱ्या कुणी दाबलं, तर तो एक स्वतंत्र प्रसंग असतो.

तरीही लोळण घेतलीच तर

आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग विशी-पंचविशीपर्यंत घडत असतो. तीन वर्षांचं मूल त्या क्षणी तुमचं व्याख्यान ऐकूच शकत नाही. आधी झोपाळ्याच्या वाटेतून तिला बाजूला घ्या. मग शब्द मोजकेच: "तुला अजून खेळायचं होतं. राग आलाय." थांबा. लाथ किंवा चापट आली तर हात धरून, आवाज न चढवता, "मारायचं नाही." पुन्हा थांबा. दोन-तीन मिनिटांत सूर उतरला नाही तर उचला आणि चालू लागा, कडेवर थोपटत.

बघ्यांचं काय? कुणी आजोबा खिशातून चॉकलेट काढतात, कुणी काकू "इतकं रडवतात का गं?" म्हणतात. "थांबेल हो आत्ता," एवढं म्हणायचं आणि नजर मुलावर ठेवायची.

एक गोष्ट कटाक्षाने टाळा: "गप्प बस, नाहीतर पोलीसकाका नेतील." राणीच्या बागेत नाहीतर दादर स्टेशनच्या गर्दीत हात सुटला, तर मुलाने त्या पोलीसकाकांकडेच जायला हवं ना?

मोबाईल हातात दिला की रडणं क्षणात थांबतं, हे खरं. मी दिलेला आहे. पण दुसऱ्या दिवशी गेटवर रडणं मोबाईलसाठी सुरू झालं. त्याच २०१९ च्या सूचना म्हणतात, दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको, नंतर चार वर्षांपर्यंत दिवसाला फार तर एक तास. तो तास बागेच्या वाटेवर कशाला खर्च करायचा?

घरी आल्यावर

बरं घडलं ते नेमकं सांगा. नुसतं "शहाणी गं माझी" यापेक्षा "तीन झाल्यावर स्वतःहून उतरलीस" हे तिला उद्या वापरता येतं. वाईट घडलं तर दूध पिऊन झाल्यावर एका वाक्यात बोला, पाढा वाचू नका. मी एकदा भर बागेत खेकसले होते. रात्री तिला म्हटलं, "मी ओरडले, चुकलं माझं." ती म्हणाली, "खूप मोठ्याने ओरडलीस," आणि झोपली.

आजी-आजोबा बागेत नेत असतील तर त्यांनाही तीनचाच हिशोब सांगा, सुनेचा नियम म्हणून नव्हे, नातीचा खेळ म्हणून. आमच्या सासूबाई आता तिच्यासोबत टाळ्या वाजवत मोजतात.

चार वर्षं उलटूनही रोज असंच थैमान असेल, मूल स्वतःला इजा करत असेल, रडता रडता श्वास रोखून निळं पडत असेल किंवा दोन वर्षं पूर्ण होऊनही दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

लिफ्ट बंद असते त्या दिवशी बटणाचं आमिष संपलं. मग आम्ही पायऱ्या मोजत चढतो. बारापर्यंत ती बरोबर असते, मग थेट वीस.