भंगारातला १४०१: पुसण्याआधी हे करा

जुन्या मेनफ्रेमचा, म्हणजे खोलीभर मोठ्या संगणकाचा, तुकडा भंगारात सापडला की हात आपोआप फडक्याकडे जातो. जाऊ देऊ नका. आधी फोटो काढा: दोन्ही बाजू, कडा, चिकटवलेली चिठ्ठी, कुठली वायर कुठे जाते ते. सर्किट कार्ड कुठल्या खाचेत होतं हे कुणीतरी पेन्सिलीने लिहून ठेवलेलं असतं आणि पहिल्याच फडक्यात ते जातं. धूळ कुठे पळून जात नाही.

माझा नाद आयबीएम १४०१ या संगणकाचा. १९५९ च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर झालेलं, दहा हजारांहून जास्त बनलेलं, पूर्ण ट्रान्झिस्टरचं यंत्र. आपल्याकडेही ती भाड्याने लागली होती. १९७८ मध्ये आयबीएमने भारतातून गाशा गुंडाळला आणि राहिलेल्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीकडे आली. आज मुंबई-ठाण्यात अख्खं यंत्र मिळेल ही आशा सोडा. चालतं १४०१ बघायचं तर कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यूचं कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियम गाठावं लागतं. तिथे दोन आहेत, एक जर्मनीतून आणलेलं, दुसरं कनेटिकटमधून. आपल्या वाट्याला येतात ती सुटी सर्किट कार्डं, कोअर मेमरीची (चुंबकी मण्यांच्या जुन्या मेमरीची) एखादी चौकट आणि पंच कार्डांचे, म्हणजे भोकं पाडून माहिती नोंदलेल्या कागदी कार्डांचे, गठ्ठे. त्यातही सर्किट कार्डांच्या कडेला सोन्याचा मुलामा असतो, म्हणून भंगारवाला ती वजनावर सोनं काढणाऱ्याला देऊन टाकतो. त्याच्या आधी पोचायचं. सोन्याचं नाव मात्र काढायचं नाही, भाव लगेच चढतो.

ही सर्किट कार्डं एसएमएस (स्टँडर्ड मॉड्युलर सिस्टिम) म्हणून ओळखली जातात, तळहाताएवढी, कडेला सोळा संपर्कपट्ट्या. बरेच जण त्या पट्ट्या खोडरबरने घासून चकचकीत करतात. मला ते बघवत नाही. मुलामा पातळ असतो, रबराबरोबर तोच निघतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुताचे धागे न सोडणारं कापड पुरेसं आहे. कार्डावर छापलेला अक्षरी कोड वहीत उतरवा. बिटसेव्हर्स या जुन्या कागदपत्रांच्या वेबसाइटवर स्कॅन केलेल्या मॅन्युअलमधून त्यावरून सर्किट शोधता येतं.

ट्रान्झिस्टर तपासताना एक लक्षात ठेवा, हे जर्मेनियमचे आहेत. मल्टिमीटर डायोडवर ठेवला तर ०.२ ते ०.३ व्होल्टच्या आसपास आकडा येईल. सिलिकॉनच्या ०.६ ची सवय असलेला माणूस ‘शॉर्ट झालाय’ म्हणून चांगला ट्रान्झिस्टर उपटतो. डाग द्यायचाच (सोल्डरिंग करायचंच) असेल तर पायाला चिमटा लावा, उष्णता चिमट्यात जाऊ दे.

कोअर मेमरीची चौकट हाती आली तर तुम्ही नशीबवान. १४०१ च्या एका चौकटीत ५० बाय ८० अशा जाळीत चार हजार फेराइटचे मणी ओवलेले असतात. एकेका मण्यात एकेक बिट, आणि वीज गेली तरी मण्याचं चुंबकत्व टिकतं. म्हणजे शेवटच्या पाळीचा हिशेब अजून त्यात बसलेला असू शकतो! म्हणून चुंबकी स्क्रूड्रायव्हर लांब ठेवा. ब्रश नको, कॉम्प्रेसरची हवा तर अजिबात नको. कॅमेऱ्याच्या लेन्ससाठी रबरी फुगा मिळतो, तो लांबून दाबा. मग हलक्या हाताने एकेक तारेचा रोध मोजा. एकाच दिशेच्या तारांचे आकडे जवळपास सारखे यायला हवेत. एखादी ‘ओपन’ दाखवत असेल तर वहीत नोंद करा आणि सोडून द्या. ती जोडायच्या भानगडीत शेजारचे मणी फुटतात.

पॉवर सप्लाय मिळाला तर भिंतीच्या प्लगला लावू नका. वर्षानुवर्षं पडून असलेल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा आतला ऑक्साइडचा थर विरलेला असतो. कपॅसिटर सुटा करा, मालिकेत रेझिस्टर घाला, बेंच सप्लायवरून व्होल्टेज थोडं थोडं वाढवा आणि गळती कमी होत जातेय का बघा. होत नसेल, तर तो गेला. तेल भरलेले जुने कपॅसिटर उघडूच नका, आतलं तेल विषारी असू शकतं. आणि अमेरिकन सप्लाय ६० हर्ट्झचा आहे की काय, ते पाटीवर वाचा.

पंच कार्डांचा मुख्य शत्रू आपला पावसाळा. कागद फुगतो, वाकतो. गठ्ठ्याचं रबरबँड आधी काढा, नाहीतर ते वितळून कार्डात मुरतं. काढण्यापूर्वी गठ्ठ्याच्या वरच्या कडेचा फोटो घ्या. पुष्कळदा तिथे पेनाने तिरकी रेघ मारलेली असते. गठ्ठा हातातून पडला तर क्रम परत लावायला ती रेघ कामी यायची. मग कार्डं उभी, घट्ट, हवाबंद डब्यात ठेवा. सोबत सिलिका जेल, तेही नारिंगी. निळ्यात कोबाल्ट असतं.

वाचायला मशीन लागत नाही. कार्डाखाली काळा कागद ठेवून फोटो घेतला की भोकं काळी दिसतात. ८० रकाने, १२ ओळी. अंकाला एकच भोक, अक्षराला दोन: १२ आणि १ म्हणजे ए, १२ आणि २ म्हणजे बी. पहिली काही कार्डं हाताने वाचा, नंतर एखादा छोटा पायथन प्रोग्राम लिहा. गठ्ठा १४०१ च्या प्रोग्रामचा निघाला तर सिमएच या एम्युलेटरवर (जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) तो चालवून बघता येतो. त्या ‘प्रिंटर’वर १३२ रकान्यांची ओळ उमटते, म्हणून टर्मिनलची खिडकी आधीच रुंद करून ठेवा.