स्विंग बिघडला म्हणून टीम हरते? या चुका टाळा

एप्रिल उजाडला की अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमध्ये हे सुरू होतं. सीझनचे जेमतेम बारा सामने झालेले असतात. एखाद्या मोठ्या बॅटरची सरासरी .200 च्या आसपास रेंगाळत असते, टीम ओळीने चार सामने हरलेली असते आणि चाहत्यांचं निदान तयार असतं: ‘याने हिवाळ्यात स्विंग (बॅट फिरवायची पद्धत) बदलला, तिथेच वाटोळं झालं.’ जूनमध्ये तोच बॅटर होमरन मारू लागला की हेच लोक नव्या स्विंगचे गोडवे गातात. स्विंग एप्रिलमध्ये जो होता तोच जूनमध्येही असतो.

स्विंग कसा आहे, त्यातून निकाल काय येतोय आणि टीम का हरतेय, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. तिघांचा पुरावा वेगळ्या ठिकाणी शोधावा लागतो. बहुतेक वाद या तिन्हींची एकच मोळी बांधल्यामुळे फुकट जातात.

पन्नास अ‍ॅट-बॅटवर निकाल देणं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच, म्हणून आधी आकडेमोड. अ‍ॅट-बॅट म्हणजे वॉक (चार बाहेरच्या चेंडूंवर मिळणारा फुकटचा बेस) वगैरे सोडून मोजलेली बॅटरची पाळी, हिट म्हणजे फटका मारून बेस गाठणं आणि हिट्स भागिले अ‍ॅट-बॅट म्हणजे सरासरी. खरोखर .270 च्या लायकीचा बॅटर घ्या. 50 अ‍ॅट-बॅटमध्ये त्याच्याकडून 13-14 हिट्स अपेक्षित. स्विंगमध्ये काडीचाही फरक न पडता, निव्वळ नशिबाने हा आकडा तीनेक हिट्सनी खालीवर होतो आणि यात वावगं काही नाही. म्हणजे 10 हिट्स मिळाले तर .200 आणि 17 मिळाले तर .340. एकाला चाहते ‘संपला’ म्हणतात, दुसऱ्याला ‘एमव्हीपी’, म्हणजे सीझनचा सर्वात मोलाचा खेळाडू. बॅटर तोच. पूर्ण सीझनच्या 600 अ‍ॅट-बॅटमध्ये हाच नशिबाचा खेळ सरासरीत .018 च्या आसपास उरतो. तेव्हा बोलण्यात अर्थ असतो.

न्यूयॉर्क यांकीजचा 2024 चा अ‍ॅरन जज आठवा. एप्रिल संपला तेव्हा त्याची सरासरी .220 च्याही खाली होती. घरच्या मैदानावर त्याला हुर्यो ऐकावी लागली, पाय कुठे ठेवतो, हात कुठे ठेवतो यावर चर्चा झडल्या. सीझन संपला तेव्हा .322, 58 होमरन आणि अमेरिकन लीगचा एमव्हीपी. एप्रिलमध्ये त्याचा स्विंग दुरुस्त करायला निघालेल्यांनी बिघाड नसलेलं यंत्र उघडलं होतं.

मग थांबायचं किती? सगळे आकडे एकाच वेळी बोलके होत नाहीत. स्ट्राइकआउटचं (तीन स्ट्राइकवर बाद होण्याचं) प्रमाण साधारण 60 प्लेट अपिअरन्सनंतर (वॉकसकट सगळ्या पाळ्या) काहीतरी सांगू लागतं, वॉकचं साधारण 120 नंतर. सरासरीला मात्र 900 च्या वर अ‍ॅट-बॅट लागतात, म्हणजे दीड सीझन. आणि चाहता पाहतो तो नेमका हाच सगळ्यात उशिरा बोलणारा आकडा, तोही रोज सकाळी. माझी सवय सांगतो. पहिल्या 60 प्लेट अपिअरन्सपर्यंत सरासरीचा रकाना बघायचाच नाही. आधी स्ट्राइकआउट, मग स्ट्राइक झोनबाहेरच्या (मारण्याजोग्या चौकटीबाहेरच्या) किती चेंडूंमागे बॅट जाते ते आणि मग ताशी 95 मैलांच्या वर वेगाने मारलेल्या चेंडूंचं प्रमाण. हे तिन्ही मागच्या वर्षीइतकेच असतील आणि सरासरीच पडली असेल, तर फटके क्षेत्ररक्षकांच्या हातात जातायत. होमरन सोडून मैदानातच राहिलेल्या फटक्यांवरची सरासरी, म्हणजे बॅबिप, लीगभर .290 ते .300 असते. एखाद्याची .210 दिसली तर स्विंगचं ऑपरेशन करायची गरज नाही, वाट बघायची गरज आहे.

आता उलट बाजूही सांगतो, कारण ‘अजून सॅम्पल छोटं आहे’ हे कुणी आयुष्यभर म्हणू नये. बाल्टिमोरच्या क्रिस डेव्हिसने 2018 मध्ये 470 अ‍ॅट-बॅटमध्ये 79 हिट्स मारले, सरासरी .168. 522 प्लेट अपिअरन्समध्ये 192 स्ट्राइकआउट, म्हणजे जवळपास 37 टक्के. त्या वर्षाच्या शेवटापासून पुढच्या एप्रिलपर्यंत ओळीने 54 अ‍ॅट-बॅट एकही हिट नाही. स्ट्राइकआउटचा आकडा इतका आणि इतका काळ वर असेल तर नशिबाकडे बोट दाखवता येत नाही. तिथे चाहत्यांची ओरड खरीच होती.

टीव्हीवरच्या एका फोटोवरून स्विंगचं निदान

‘हा बघा मागच्या वर्षीचा फोटो, हा यंदाचा. हात दोन इंच खाली आलाय.’ असे जोडफोटो बघून मी थकलो आहे. बॅटचा वेग ताशी साधारण 72 मैल, म्हणजे सेकंदाला 105 फूट. टीव्हीचं चित्र सेकंदाला 30 फ्रेम्सचं असेल तर दोन फ्रेम्सच्या मध्ये बॅटचं टोक साडेतीन फूट पुढे जातं, म्हणजे बॅटच्या स्वतःच्या लांबीहून जास्त. 60 फ्रेम्स असल्या तरी पावणेदोन फूट. दोन वेगळ्या क्षणी थांबवलेल्या चित्रांतून तुम्ही दोन इंचांचा फरक मोजताय!

शिवाय सेंटर फील्डचा कॅमेरा बहुतेक मैदानांत अगदी समोर नसतो, पिचर (चेंडू टाकणारा) आड येऊ नये म्हणून थोडा बाजूला असतो. किती बाजूला आणि किती उंच, हे मैदानागणिक बदलतं. त्यामुळे एकाच बॅटरचा स्टान्स एका शहरात उघडा दिसतो, दुसऱ्यात बंद. भारतातून बघणाऱ्यांची अडचण आणखी मोठी. न्यूयॉर्कमधला संध्याकाळी 7:05 चा सामना आपल्याकडे पहाटे 4:35 ला सुरू होतो. पूर्ण सामना बघणारे थोडे, बाकीचे क्लिपवर भागवतात. क्लिपमध्ये होमरन असतो किंवा लाजिरवाणा स्ट्राइकआउट. मधले वीस साधे स्विंग, ज्यांत खरी माहिती असते, ते दिसतच नाहीत.

तुलना करायचीच असेल तर एकच मैदान, एकाच प्रकारचा चेंडू, झोनमधली एकच जागा आणि जमल्यास एकच काउंट (बॉल-स्ट्राइकचा हिशेब). असे निदान दहा स्विंग. फोटो थांबवायचा तर पुढचा पाय जमिनीला टेकतो त्या क्षणी, कारण तो दोन्ही व्हिडिओंमध्ये नक्की सापडतो. चेंडू लागण्याचा क्षण सापडत नाही.

टायमिंगच्या चुकीला स्विंगची चूक म्हणणं

ही माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची, आणि क्रिकेट बघत वाढलेल्यांकडून सर्रास होणारी. 95 मैलांचा फास्टबॉल पिचरच्या हातातून सुटल्यापासून प्लेटपर्यंत यायला 0.4 सेकंद लागतात. त्यातले साधारण 0.15 सेकंद नुसता स्विंगच खातो. उरलेल्या वेळात ओळखायचं आणि ठरवायचं. इथे सेकंदाचा शंभरावा भाग चुकला की उत्तम स्विंगसुद्धा गावंढळ दिसतो.

ओळखायची खूण सोपी आहे, फाउल (मैदानाच्या रेषेबाहेर गेलेले फटके) बघा. उजव्या हाताचा बॅटर फास्टबॉल सतत उजवीकडच्या स्टँडमध्ये फाउल करत असेल तर तो उशिरा आहे. स्लायडर, चेंजअप असे संथ चेंडू डावीकडे जमिनीवरून ओढत असेल तर लवकर आहे. आणि चेंडू सरळ मागे जाळीवर जात असेल तर वेळ बरोबर आहे, बॅट केसभर खालून गेली, इतकंच. तशा बॅटरला ‘आऊट ऑफ फॉर्म’ म्हणणाऱ्यांनी पुढचे चार अ‍ॅट-बॅट शांतपणे बघावेत. दुसरी खूण पायाची. चेंडू अर्ध्या वाटेवर येईतो पुढचा पाय टेकलेला हवा. पाय हवेत असतानाच हात सुटत असतील तर दोष हातांचा नाही, पाय उशिरा निघतोय.

बॅटिंग-पिचिंग दोन्ही करणाऱ्या शोहेई ओतानीचं 2018 चं स्प्रिंग ट्रेनिंग (सीझनआधीचा सराव) इथे मुद्दाम सांगतो. जपानहून आलेला हा मुलगा ॲरिझोनात 32 अ‍ॅट-बॅटमध्ये 4 हिट्स, .125. याला मायनर लीगमध्ये (खालच्या स्तरावर) पाठवा, मेजर लीगचा वेग याला झेपणार नाही, असं उघड बोललं गेलं. सीझन तोंडावर आला असताना त्याने एकच गोष्ट बदलली. पुढचा पाय उंच उचलायचा सोडून टाच किंचित उचलून जागच्या जागी टेकवायला लागला. बॅटचा मार्ग तोच, हात तेच. एप्रिलमध्ये घरच्या मैदानावर, अनाहाइममध्ये, पहिल्या आठवड्यात ओळीने तीन सामन्यांत होमरन, वर्षअखेर .285, 22 होमरन आणि रूकी ऑफ द इयर (वर्षातला सर्वोत्तम नवखा). लोक याला ‘स्विंग बदलला’ म्हणतात. बदलली होती ती सुरुवात करायची वेळ. अशी दुरुस्ती आठवड्यात होते. बॅटचा मार्ग बदलायचा तर पूर्ण हिवाळा जातो, आणि सीझनच्या मध्यावर त्याची मागणी करणं म्हणजे चालत्या गाडीचं चाक बदला म्हणण्यासारखं आहे.

मार्ग बदलल्याचं खरं उदाहरण जे. डी. मार्टिनेझ. ह्यूस्टनसाठी 2013 मध्ये .250 आणि 7 होमरन. त्या हिवाळ्यात त्याने स्विंग मुळापासून बांधला, पण ह्यूस्टनने स्प्रिंगमधल्या मोजक्या अ‍ॅट-बॅटनंतर मार्च 2014 मध्ये त्याला सोडून दिलं. डेट्रॉइटने घेतलं आणि त्याच वर्षी .315, 23 होमरन. 2017 मध्ये 45. फक्त एक लक्षात ठेवा: मार्टिनेझची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे, कारण तो यशस्वी झाला. स्विंग बांधून मायनर लीगमध्येच विरलेल्यांवर कुणी लेख लिहीत नाही. त्यामुळे ‘मार्टिनेझने केलं, मग याने का नाही’ हा युक्तिवाद लंगडा आहे.

‘उचलून मारतो’ हा दोष समजणं

सरळ बॅट, चेंडू जमिनीवर, ही शिकवण आपल्या हाडीमाशी आहे. बेसबॉलमध्ये चेंडू टप्पा न घेता वरून खाली येतो, फास्टबॉल साधारण पाचसहा अंशांनी, कर्व्हबॉल त्याहून तिरका. बॅट किंचित वर चढत आली तर ती चेंडूच्या रेषेत जास्त वेळ राहते. मेजर लीगची मोजमाप यंत्रणा स्टॅटकास्ट 5 ते 20 अंशांचा अटॅक अँगल (बॅट वर चढण्याचा कोन) योग्य मानते. तेव्हा बॅट वर चढताना दिसली म्हणून ओरडू नका. वरच्या झोनमधल्या फास्टबॉलखालून ती सारखी जात असेल, तर बोला.

एका बॅटरच्या डोक्यावर टीमची हार फोडणं

सचिन आऊट झाला की टीव्ही बंद करणारी आपली पिढी. ती सवय इथे चालत नाही. क्रिकेटमध्ये ओपनर पन्नास षटकं खेळू शकतो. बेसबॉलमध्ये टीमच्या 37-38 प्लेट अपिअरन्सपैकी एकाच्या वाट्याला चार, फार तर पाच येतात. तो कितीही मोठा असो, बाकी आठ जणांची पाळी आल्याशिवाय त्याची येत नाही.

लॉस एंजेलिस एंजल्सचं 2022 घ्या. 24 मे रोजी टीम 27-17 वर (27 विजय, 17 पराभव), मजेत. तिथून ओळीने 14 सामने हरली, फ्रँचायझीच्या इतिहासातला विक्रम. नेमकी याच काळात टीमचा स्टार बॅटर माइक ट्राउट याची ओळीने 26 अ‍ॅट-बॅट हिटशिवाय गेली, त्याच्या कारकिर्दीतली सगळ्यात वाईट मालिका. दोन गोष्टी एकदम घडल्या म्हटल्यावर काय, ट्राउटचा स्विंग बिघडला आणि टीम बुडाली, असा सरळ हिशेब मांडला गेला. बारा पराभवांनंतर, 7 जूनला, मॅनेजर जो मॅडन यांना काढलं. टीम आणखी दोन सामने हरली. 9 जूनला ओतानीने स्वतः सात इनिंग पिचिंग करून आणि स्वतःच होमरन मारून ती साखळी तोडली.

ट्राउटने ते वर्ष 119 सामन्यांत 40 होमरन आणि .283 वर संपवलं. स्विंग शाबूत होता. टीम मात्र 73-89 वर संपली. 2018 ते 2023 अशी सहा वर्षं ट्राउट आणि ओतानी एका टीममध्ये होते, आणि त्या सहांपैकी एकाही वर्षी एंजल्सने हरण्यापेक्षा जास्त सामने जिंकले नाहीत. 2021 आणि 2023 मध्ये ओतानी एकमताने एमव्हीपी झाला तरी नाही. पिचिंग पातळ, बेंच रिकामा आणि दुखापतींची रांग असताना दोन माणसं काय करणार?

एका बॅटरने फरक किती पडतो ते कागदावर काढता येतं. केलेल्या रन्सचा वर्ग भागिले, केलेल्या आणि दिलेल्या रन्सच्या वर्गांची बेरीज. हे उत्तर गुणिले 162, म्हणजे सीझनचे सामने. टीमने 720 रन्स केले, 750 दिले, तर अपेक्षित विजय 78. आता तुमच्या लाडक्या बॅटरचा स्विंग सुधारला आणि त्याने वर्षभरात 20 रन्स जास्त मिळवून दिले असं धरा: 740 विरुद्ध 750, विजय 80. दोन सामने. टीम पंधरा सामन्यांनी मागे असेल तर उत्तर दुसरीकडे शोधा, बहुधा सहाव्या इनिंगनंतर कोण पिचिंग करतंय तिथे.

आणि या बारीकसारीक

बॅटचा वेग कमी म्हणून बॅटर टाकाऊ ठरवू नका. लीगमधल्या सगळ्यात संथ बॅट्सपैकी एक असलेल्या लुईस अराएझने 2022, 2023 आणि 2024 असे सलग तीन वर्षं बॅटिंग टायटल्स (लीगमधली सर्वात जास्त सरासरी) जिंकले.

‘या पिचरविरुद्ध 12 पैकी 1’ हे वाक्य वादात आणूच नका.

बॅटरचे आरबीआय (त्याच्या फटक्यांवर आलेले रन्स) मोजताना त्याच्या आधीचे दोघे बेसवर किती वेळा होते ते बघा.

50 सामन्यांनंतर टीमला मूठमाती देऊ नका. वॉशिंग्टन 2019 मध्ये 19-31 वर होतं आणि त्याच वर्षी वर्ल्ड सीरिज जिंकलं.

एप्रिलमधले ‘ताकद गेली’वाले फ्लाय आऊट (उंच मारून झेलबाद) तापमान बघून मोजा. दर 10 अंश फॅरनहाइटला लांब फटका तीनेक फुटांनी बदलतो. शिकागोत 45 अंशांत कुंपणापाशी झेललेला चेंडू जुलैच्या 85 अंशांत बारा फूट पुढे, प्रेक्षकांत पडला असता.